ताराताईंचं निघणं

ताराताई मेश्राम आमच्या घरातून एका फटक्यात बाहेर पडल्या, असं एकदाही झालं नाही. आधी 'चल, निघते' म्हणून अर्धा तास बसणं. मग दारात उभं राहून आणखी गप्पा. मग बूट, मग कोट, मग मफलर, मग कानावर ओढलेली ती जांभळी लोकरीची टोपी. 'येते गं' म्हणून एकदाचं दार लागायचं. मी कपबश्या उचलायला वाकते न वाकते तोच बेल वाजायची. दारात ताराताई.

"चष्मा राहिला नं माझा."

चष्मा बहुतेक वेळा त्यांच्या कपाळावरच असायचा, टोपीच्या आत. पण तो सापडेपर्यंत सोफ्याच्या उशा खाली यायच्या, फ्रिजवरचे डबे हलायचे आणि मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लॅपटॉप घेऊन उठावं लागायचं.

चष्मा सापडला की माझी पाळी. आमच्या आईचा पुण्यात एक नियम होता. बाहेर पडलेलं माणूस काही विसरून परत आलं, तर त्याला तसंच पुन्हा जाऊ द्यायचं नाही. घडीभर टेकवायचं, घोटभर पाणी द्यायचं आणि मग पाठवायचं. का, ते आईला विचारायची सोय नव्हती. लग्न होऊन मी मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला आले, तेव्हा प्रेशर कुकरबरोबर हा नियमही आला.

"बसा," मी म्हणायचे.

"हे बघ अनघा, आम्ही बौद्ध लोकं. माझ्या आजोबानं घरातले सगळे देव एका गोणीत भरून नागनदीत सोडले. शकुन-अपशकुन सगळे त्याच गोणीत गेले. आणि तू मला इथं अमेरिकेत हे असलं करायला लावून राहिली?"

"पाणी नको तर चिवडा देते."

"चिवडा असेल तर बसते. पण मी मानत नाही, आधीच सांगून ठेवते."

दाराजवळ बूट घालायला म्हणून आम्ही एक खुर्ची ठेवली होती. तिच्यावर ताराताई कोट-टोपीसकट बसायच्या, चिवडा संपवायच्या, आणि मग खऱ्या अर्थानं जायच्या. पहिले दोन हिवाळे हे असंच चाललं.

आमची ओळख झाली ती मराठी मंडळाच्या गणपतीत. २००३ साल असेल. एका शाळेच्या कँटीनचा हॉल भाड्यानं घेतला होता. मी वरण वाढत होते. रांगेत काळीसावळी, ठेंगणी, चाळिशीकडं झुकलेली एक बाई ताट घेऊन उभी होती. आरतीच्या वेळी त्या बाहेर पार्किंगमधे उभ्या होत्या, हे मी पाहिलं होतं. म्हटलं, "आरतीला नव्हतात?" तर म्हणाल्या, "गणपती तुमचा. पुरणपोळी सगळ्यांची." मला हसू आलं आणि मी त्यांच्या भातावर दुप्पट वरण ओतलं.

त्यांच्या मागं एक काका होते. त्यांनी चौकशी सुरू केली. "आडनाव काय म्हणालात?"

"मेश्राम."

"म्हणजे... कुठले?"

"नागपूरचे. इंदोऱ्याचे. आणि काका, पुढचा प्रश्न तुम्ही मनातल्या मनात विचारून राहिले, तो मोठ्यानं विचारा नं. मी उत्तर देते. प्रश्नोत्तरं हेच माझं काम आहे."

काकांना एकदम कोशिंबीर आठवली आणि ते पलीकडच्या टेबलाकडं गेले. माझ्या हातातली पळी वरणाच्या पातेल्यात पडली. ती काढायला ताराताईंनीच मदत केली, आणि तिथून आमची मैत्री सुरू झाली.

त्या नागपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होत्या. इतकी वर्षं शिकवून झाल्यावर मोठी रजा काढून इथं पीएचडी करायला आल्या होत्या. विषय होता पोलंड सोडून या भागात येऊन राहिलेली पोलिश माणसं. ती कशी आली, का आली, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या मनातलं घर कुठं आहे.

"पोलिश?" असं प्रत्येक जण विचारायचा. "आपले लोक सोडून पोलिश?" मंडळातल्या एका कोल्हापूरकरांनी तर सांगितलं, युद्धाच्या काळात आमच्याकडं पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यावर करा की. ताराताई म्हणाल्या, "ते तुम्ही करा. तुमच्या गावचं आहे. मी माझ्या बसस्टॉपपाशी राहणाऱ्यांचं करते."

खरं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या दुसरी-तिसरीत असताना त्यांच्या वस्तीत एक गोरी बाई आली होती. सोबत दुभाषा, हातात कागद. ती ताराताईंच्या आजीला विचारत होती, तुमच्यात लग्न कसं लागतं, जावयाला कसं वागवतात. आजीनं तोंड गंभीर करून सांगितलं, आमच्यात नवरी लग्नाआधी आठवडाभर बोलत नाही, आणि नवा जावई पहिल्यांदा घरी आला की त्याला छपरावर चढावं लागतं. बाईनं सगळं लिहून घेतलं.

"आमची आजी आयुष्यात पाच मिनिटं गप्प बसली नव्हती गं!" ताराताई सांगताना हसून हसून बेजार व्हायच्या. "ती बाई गेल्यावर मी विचारलं, आजी, खोटं काहून सांगितलं? तर म्हणे, 'आपला चहा नाही पेली तिनं. हातात धरून बसली. तिले खरं कायले सांगू मी?' कोणत्यातरी इंग्लिश पुस्तकात आमचा तो जावई अजून छपरावर बसून असेल."

मग हसू ओसरलं की म्हणायच्या, "तेव्हाच ठरवलं. एक दिवस आपण यांच्या घरी जायचं आणि आपण प्रश्न विचारायचे. पण चहा पिऊन."

आता या बाईंना गाडी येत नव्हती. अमेरिकेत गाडी न येणारा माणूस म्हणजे घरात बसलेला माणूस. वूस्टर हे जवळचं मोठं शहर, तिथं विद्यापीठाजवळ त्यांची एक खोली होती, आणि बस आली तर आली. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत त्या दर वेळी नव्या कारणानं नापास व्हायच्या. एकदा चौकात थांबल्या आणि चारही बाजूंच्या गाड्या जाऊ दिल्या, कारण 'त्यांना घाई दिसली'. एकदा परीक्षा घेणाऱ्यालाच विचारलं, तुमचे आजोबा कुठून आले? तो इटालियन निघाला. तो आजोबांचं गाव, आजोबांची शेती, आजोबांची दुसरी बायको असं सांगत राहिला आणि ताराताई वळायचं सोडून सरळ हायवेला लागल्या.

"नापास केलं," त्या आनंदानं म्हणाल्या, "पण काय माणूस होता!"

मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई. मला नोकरी करायला बंदी, गाडी चालवायला परवानगी. त्यामुळं मी आपोआप ताराताईंची ड्रायव्हर झाले. मंदार म्हणायचा, "डॉक्टरेट त्यांची आणि मायलेज आपलं यार." पण शनिवारी स्वतःच टाकी भरून ठेवायचा.

वूस्टरमधे पोलिश लोकांचा एक जुना क्लब होता. विटांची दुमजली इमारत, खाली बार, वर हॉल. शुक्रवारी दुपारी म्हातारी मंडळी जमायची, पत्ते खेळायची. बार सांभाळणारा स्टॅन हाच क्लबचा सेक्रेटरी, हाच स्वयंपाकी, हाच भांडणं सोडवणारा. ताराताई आत शिरल्या तेव्हा सगळे पत्ते थांबले. त्यांनी पोलिशमधे नमस्कार केला. दोन वर्षं क्लास लावून शिकलेली पोलिश, पण हेल पक्का नागपुरी. म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले.

स्टॅननं गंमत करायची म्हणून एक वाडगा आणून ठेवला. काळपट, दाट सूप. त्यात बदकाचं रक्त घालतात म्हणे. त्यांची स्वतःची नातवंडं ते सूप बघून पळतात. सगळा बार ही परदेशी बाई आता काय करते म्हणून बघत होता. ताराताईंनी चमचा बुडवला, चव घेतली, डोळे मिटले.

"अनघा," त्या मराठीत म्हणाल्या, "रक्ती आहे गं. आमच्या आजीची रक्ती. फक्त यांनी गूळ जास्त घातला."

मग त्यांनी पोलिशमधे सगळ्यांना सांगितलं की आमच्याकडं बकऱ्याच्या रक्ताचं करतात, कांदा-मिरची घालून, आणि आमच्या शिकल्यासवरल्या पोरांनाही आता त्याची लाज वाटते. हे ऐकून एक म्हातारा टेबलावर मूठ आपटून उठला आणि त्यानं ताराताईंच्या गालांचे पटापट मुके घेतले. स्टॅननं दुसरा वाडगा आणला. मी शाकाहारी. मी कोपऱ्यात बटाट्याची थालिपीठं खात बसले, तीही उत्तम होती.

तर क्लबात त्यांचा असा दणक्यात प्रवेश झाला. पण त्यापुढं गाडी अडली. लोक जेवायला बोलवायचे, पत्त्यात घ्यायचे, पोलका नाचायला ओढायचे. मुलाखत म्हटली की सगळे एकच कॅसेट लावायचे. आलो, कष्ट केले, मुलं शिकवली, अमेरिका ग्रेट. जुन्या पिढीतलं कुणीही त्यापुढं एक शब्द बोलेना.

"आजीसारखंच करून राहिले," ताराताई म्हणायच्या. "मला छपरावरचा जावई देऊन राहिले. आणि मी तर चहा पण प्यायली, रक्त पण प्यायली!"

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या गाइडनं बोलावून सांगितलं, मे महिन्यापर्यंत जुन्या लोकांच्या नीट मुलाखती दिसल्या नाहीत तर विषय बदला. भारतीय स्त्रियांवर करा, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या. तुम्हाला सोपं जाईल.

"म्हणजे तू," ताराताई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "तुझी मुलाखत घ्यायची. सांग, काय दुःख आहे तुला?"

"मंदार डबा विसरतो."

"झालं. एका ओळीत थिसिस संपला."

दोघी हसलो, पण त्या दिवशी त्यांनी चिवड्याला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "विषय बदलणार नाही मी. बदलायला लावला तर पदवी न घेता घरी जाईन. अगं, आपलं दुःख सांगायला उभं राहिलं की इथं सगळे उठून खुर्ची देतात. दुसऱ्याचं समजून घ्यायला बसलं की विचारतात, तू कोण? मला ते नाही चालत." बोलताना आवाज कापला. ताराताईंचा आवाज कापताना मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला फार वाईट वाटलं. नागपुरात सगळ्या वस्तीनं स्टेशनवर हार घालून पाठवलेली ही बाई, आणि हात हलवत परत जायचं?

स्टॅननं एक नाव सुचवलं होतं. हेलेना. क्लबातली सगळ्यात जुनी बाई, वय ऐंशीच्या पुढं. वूस्टरमधे जी तीन मजली लाकडी घरं असतात, एकावर एक तीन बिऱ्हाडं, त्यातल्या एका घरात मधल्या मजल्यावर एकटी राहायची. स्टॅन म्हणाला, "ती केक देईल. बाकी काही देणार नाही."

तसंच झालं. हेलेनाआजी खसखशीचा केक द्यायची, काचेच्या ग्लासात चहा द्यायची आणि क्रोशाची सुई चालवत म्हणायची, "लिही. जन्म पोलंडमधे. इथं आले. तारांच्या कारखान्यात काम केलं. झालं." ताराताईंशी ती पोलिशमधे बोलायची आणि माझ्याशी तोडक्या इंग्रजीत, तेही फक्त "नवरा बरा आहे?" एवढंच. मंदारची चौकशी एवढ्या नेमानं आमच्या सासूबाईही करत नाहीत. आठवड्यांमागून आठवडे गेले. केकनं माझं वजन वाढलं, थिसिस होता तिथंच.

मार्चचे दिवस होते. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेनं चिखल झाला होता. त्या दिवशीही केक, चहा, 'जन्म पोलंडमधे'. ताराताईंनी रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला आणि मला मराठीत म्हणाल्या, "चल. उद्या गाइडला सांगून टाकते, नाही जमलं म्हणून." आम्ही जिना उतरलो. मी गाडी सुरू केली. ताराताईंनी कपाळाला हात लावला. टोपी काढून पाहिलं. या खेपेला चष्मा खरंच नव्हता.

जिना बाहेरून होता, लाकडी आणि निसरडा, म्हणून मीही त्यांच्यामागं वर गेले. हेलेनाआजी दार उघडून चष्मा हातात घेऊनच उभी होती. ताराताईंनी चष्मा घेतला, 'थँक यू' म्हटलं, वळल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

कोट-टोपीसकट. दोन्ही हात मांडीवर. चिवड्याची वाट बघत असल्यासारख्या.

मला हसू फुटणार होतं, पण माझं लक्ष हेलेनाआजीकडं गेलं. तिचा चेहरा बदलला होता. तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं, ताराताईंच्या समोर ठेवलं आणि तीही बसली. मला तिनं खुणेनं जमिनीवरच्या खोक्यावर बसवलं. नळ ठिबकत होता तेवढाच आवाज.

मग ताराताईंच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. त्या ओशाळून उठायला लागल्या, तर हेलेनाआजीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. ताराताईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. हेलेनाआजी उठून माझ्याकडं आली आणि तिनं माझे दोन्ही गाल धरून तीन मुके घेतले. मला काही कळेना.

ताराताईंनी मला मग सगळं मराठीत सांगितलं, थांबत थांबत, आजी बोलेल तसं. पोलंडमधेही हेच करतात. विसरून परत आलं तर बसायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. आणि लांबच्या प्रवासाला निघताना तर सगळ्या घरानं बसायचं, सामान दारात ठेवून, एक क्षणभर, गप्प. म्हणजे गेलेलं माणूस परत येतं. हेलेनाआजीची आई असं करायची. हेलेनाआजीची मुलगी आणि नातवंडं करत नाहीत, त्यांना विमान गाठायचं असतं.

"आजी," ताराताईंनी विचारलं, "तुम्ही घरून निघाल्या तेव्हा कशावर बसल्या होत्या?"

हा प्रश्न त्यांच्या कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता. त्यांनी तो पोलिशमधे विचारला, आणि त्याचं वजन मला कळलं ते हेलेनाआजीच्या तोंडाकडं बघून.

"नाही बसले," ती म्हणाली. "बसू दिलं नाही."

युद्धाचे दिवस. ती सतरा वर्षांची. सकाळी जर्मन शिपाई आले, जर्मनीत शेतावर राबायला पोरी हव्या होत्या. आईनं पाव फडक्यात बांधून दिला आणि भिंतीजवळच्या बाकाकडं बोट दाखवत राहिली. बस, एक क्षण बस. ही बाकाकडं निघाली तेवढ्यात शिपायानं दंड धरला. बाहेर ट्रक उभा होता. नंतर शेत, मग छावण्या, मग जहाज, मग वूस्टर. आई पुन्हा दिसली नाही.

"सगळे विचारतात, परत का गेली नाहीस," हेलेनाआजी म्हणाली. "काय सांगू? निघताना बसलेच नव्हते."

एवढं सांगून तिनं सुई उचलली आणि पुढचा टाका घातला. ताराताईंचा हात तिच्या गुडघ्यावर होता. रेकॉर्डर पिशवीतच राहिला, आणि त्यांना त्याची आठवणही झाली नाही.

गाडीत ताराताई खूप रडल्या. मीही रडत होते, पण मला समोर बघायचं होतं. श्रूजबरीच्या अलीकडं तळ्यावरचा पूल लागतो, तिथं आल्यावर त्या एकदम हसायला लागल्या.

"अनघा, तुझ्या आईच्या अंधश्रद्धेनं माझा थिसिस वाचवला गं! आता मी इंदोऱ्यात तोंड कसं दाखवू?"

"मानायला लागलात का?"

"छट्! मानत नाही. नोंदवते."

हे वाक्य त्यांनी पुढं कितीदा वापरलं असेल! पुढच्याच शुक्रवारी त्यांनी क्लबात जाऊन तोच प्रश्न विचारला. निघताना कशावर बसला होतात? पत्ते पुन्हा एकदा थांबले. मग जो गोंधळ उडाला तो मी डोळ्यांनी पाहिला. एक जण ट्रंकेवर बसला होता. एक पालथ्या बादलीवर. एक बटाट्याच्या पोत्यावर, आणि त्या पोत्यात आईनं लपवून ठेवलेली अंडी होती. एकाचे वडील गडबडीत मावशीनं आणलेल्या केकवरच बसले, आणि तो केक त्यांनी तसाच बांधून घेतला. युद्धानंतर खूप वर्षांनी इकडं आलेला एक मिशीवाला म्हणाला, "मी दोन आठवड्यांसाठी जातोय असं सगळ्यांना खोटं सांगून निघालो होतो. बसलो असतो तर आईला कळलं असतं." असं म्हणून तो उठून खिडकीपाशी गेला. कॅसेट पार तुटली होती. एकाचं ऐकून दुसरा बोलायचा, दुसऱ्याला तिसरा खोडून काढायचा. स्टॅनला वरच्या हॉलमधून खुर्च्या आणाव्या लागल्या.

ताराताईंचा थिसिस झाला, आणि झकास झाला. मे महिन्यात गाइडनं मुलाखती वाचल्या आणि विषय बदलण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढं शेवटच्या तोंडी परीक्षेत एका प्राध्यापकांनी विचारलं, पण तुमचा स्वतःचा यावर विश्वास आहे का? ताराताईंनी इंग्रजीत तेच सांगितलं, मानत नाही, नोंदवते. मी मागच्या रांगेत बसले होते, मला टाळी वाजवायचा मोह झाला. संध्याकाळी क्लबात पार्टी झाली. रक्ताचं सूप होतंच, ताराताईंनी स्टॅनच्या छातीवर बसून त्यात गूळ कमी आणि मिरची जास्त घालायला लावली होती. म्हातारे नाक पुसत, हाशहुश करत दुसऱ्यांदा घेत होते. 'आता जावई छपरावरून खाली उतरला,' असं ताराताई मला म्हणाल्या.

२००७ च्या उन्हाळ्यात त्या नागपूरला परत निघाल्या. कॉलेज वाट बघत होतं. त्या दिवशी सगळीच घाई झाली. आदल्या दिवसापर्यंत त्यांची पुस्तकं बांधून व्हायची होती. आम्ही मोठी गाडी भाड्यानं घेतली, कारण हेलेनाआजीनं हट्टच धरला होता की मी बॉस्टनच्या विमानतळावर येणार. ती आता व्हीलचेअरवर होती. मंदार घड्याळाकडं बघत 'चला, चला' करत होता. घरमालकाला किल्ली द्यायची होती. एक बॅग फाटली, तिला दोरी बांधायला लागली. गाडी हायवेला लागल्यावर मला एकदम आठवलं.

"ताराताई, आपण बसलोच नाही!"

"सोड गं."

"अहो, पण..."

"मी मानत नाही, अनघा. तुला माहीत आहे."

हेलेनाआजीनं मागून विचारलं, काय झालं? ताराताईंनी पोलिशमधे काहीतरी दुसरंच सांगितलं. हेलेनाआजी खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटतं, तिला न सांगताच कळलं होतं.

विमानतळावर बॅगा गेल्या. सुरक्षा तपासणीची रांग लांबलचक होती, पट्टे लावून वळणावळणाची केलेली. ताराताईंनी मंदारला सांगितलं, "डबा विसरत जाऊ नको, माझ्या बहिणीचं ते एकच दुःख आहे." मला घट्ट धरलं. मग हेलेनाआजीसमोर वाकल्या. तीन मुके झाले. दोघी पोलिशमधे काय बोलल्या ते मी विचारलं नाही. मग ती जांभळी टोपी, उन्हाळ्यातसुद्धा, रांगेत शिरली आणि एकेका वळणानं पुढं सरकायला लागली. मी डोळे पुसले आणि व्हीलचेअर वळवली.

तेवढ्यात मागं गलका झाला. "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" करत, पट्ट्यांखालून वाकत, लोकांच्या पायांवरून पिशवी ओढत ताराताई उलट्या येत होत्या. एक गार्ड ओरडत होता, त्याला त्यांनी हात जोडले. धापा टाकत त्या आमच्यासमोर आल्या.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"चष्मा."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. टोपी मागं सरकली होती, दोन्ही काचा लख्ख दिसत होत्या. मी पाहिला, मंदारनं पाहिला, हेलेनाआजीनंही पाहिला.

ताराताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि हेलेनाआजीच्या चाकांशी, त्या पिशवीवरच बसल्या. मी फरशीवर बसले. मंदारनं घड्याळाचा हात खिशात घातला आणि ट्रॉलीच्या कडेवर टेकला. हेलेनाआजी काहीतरी पुटपुटली, आणि ताराताईंना रडता रडता हसू फुटलं.

"काय म्हणाली?"

"म्हणते, मी तर केव्हाची बसलेलीच आहे."

लोक आमच्या बाजूनं बॅगा ओढत जात होते. ताराताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मला राहवेना.

"ताराताई, मानत नाही ना?"

"गप," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "बसू दे."

आम्ही बसलो. मग त्या उठल्या, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.